बिनरंगाचा बॉयलर

दिवाळी जवळ आली हे मला आकाशकंदिलांवरून कळत नाही, वासावरून कळतं. आश्विनातलं ते चिकट, पाठ भाजणारं ऊन पडायला लागलं, की धुळ्यात आमच्या देवपुरातल्या गल्लीत घरोघरी माळे उपसायला सुरुवात होते. वर्षभर अंधारात तोंड मिटून बसलेले डबे खाली येतात आणि अंगणात मांडले जातात. खवट तेलाचा वास, झुरळांच्या अंड्यांचा वास, पाणी सुटलेल्या मिठाचा वास, आणि या सगळ्यांना दाबायला ओतलेल्या फिनेलचा वास. बायका तोंडाला ओढण्या बांधून कामाला लागतात. मी खिडकीत उभा राहून नाक दाबून बघत असतो, आणि मग नाक दाबूनच खाली उतरतो. "वहिनी, यातला कुठला टाकायचाय का?"

मला किळस फार लवकर येते. चहात सायीचा पापुद्रा दिसला, तर तो कप मी आजही बाजूला सारतो. हॉटेलातला पोऱ्या टेबल पुसतो त्या फडक्याचा विचार आला, की ऑर्डर दिलेली मिसळ तशीच सोडून उठावंसं वाटतं. पंगतीत शेजारच्या माणसानं मठ्ठ्यात जिलबी बुडवून ती चोखली, की माझं जेवण तिथेच आटोपतं. आमच्या हिला याचा सासुरवास झाला, असं ती चारचौघांत सांगते. "यांना स्वतःच्या भाताचं शीत बोटाला चिकटलेलं चालत नाही, आणि लोकांचे खरकटे डबे मात्र छातीशी धरून आणतात." यावर मी डबे घासायला बसतो.

मी इंजिनं करतो. कोळशावर चालणारी, आता कुठेच न दिसणारी रेल्वेची इंजिनं, हातभर लांबीची, घरातल्या रिकाम्या डब्यांपासून. तेलाचा चौकोनी डबा उलगडला की त्याचा सपाट पत्रा मिळतो. त्याची ड्रायव्हरची केबिन होते. बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं म्हणजे चाकं. हिंगाची गोल डबी बॉयलरच्या पाठीवर वाफेचा घुमट म्हणून बसते, टाल्कम पावडरच्या डब्याचा वरचा भाग धुरांड्याला लागतो, आणि चाकांना जोडणारे दांडे सायकलच्या आऱ्यांचे. राहिला बॉयलर. त्याला अंगानं गोल, न दबलेला, काठ शाबूत असलेला डबा हवा. असा डबा मिळणं सगळ्यात कठीण, कारण बरा डबा कुणी टाकत नाही.

या कामात रम्य असं काही नाही. पत्र्याची कात्री चालवताना बोटं कापतात. पत्रे जोडायला डाख देताना जी पेस्ट जळते, तिचा धूर घशात बसतो आणि जेवणालाही तीच चव येते. आणि डबे घासणं! लोणच्याच्या डब्याच्या काठात साचलेलं काळं तेल मी जुन्या टूथब्रशनं काढतो. तुपाच्या डब्याच्या तळाशी मेलेल्या मुंग्यांचा थर असतो. कुणाच्या तरी देवघरातल्या शेंदराच्या डब्यात पाल सापडली होती, वाळून कागद झालेली. दर वेळी मी ओकारी आवरतो आणि दर वेळी म्हणतो, हे शेवटचं. पण पत्रा स्वच्छ झाला, उलगडला, मोजून वाकवला आणि त्याचं एकेक अंग जागेवर बसलं, की मला बरं वाटतं. दुसऱ्या कशानं तसं वाटत नाही. घाणीतून बाहेर पडल्यासारखं वाटतं ते.

याला लोक "टाकाऊतून टिकाऊ" म्हणतात, तेव्हा माझं डोकं सणकतं. एका शाळेच्या प्रदर्शनात मला पाहुणा म्हणून नेलं होतं. तिथे एका आईनं अभिमानानं सांगितलं, की मुलाच्या प्रोजेक्टसाठी रिकामा डबा घरात नव्हता, म्हणून त्यांनी बिस्किटांचा नवा डबा आणला आणि बिस्किटं गायीला घातली. बाजूला उभ्या शिक्षिकांनी माना डोलावल्या. मी शाल-श्रीफळ घेऊन मुकाट्यानं घरी आलो, कारण तिथे बोललो असतो तर शाल परत करावी लागली असती.

आणि दुसरे ते हळवे लोक. "काय दिवस होते हो, ते झुकझुक इंजिन!" काय दिवस होते? धुळ्याहून चाळीसगावला मामाकडे जायचं, तर खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळसा जायचा. नाक शिंकरलं की रुमाल काळा. संडासात जायचं म्हणजे धाडस. मला गाडी लागायची. शिरूड येईपर्यंत मी बहुतेक वेळा आईच्या पिशवीत ओकलेलो असायचो. मला त्यातलं गोड आठवतं ते एकच, आणि ते इंजिन नाही. ती माझी अक्का आहे.

अक्का माझ्याहून मोठी बहीण. तिला कसलीच किळस नव्हती. माझ्या डोळ्यांत कण गेला, की ती फ्रॉकचं टोक तोंडाशी धरून त्यावर फुंकर घालायची आणि तो गरम बोळा पापणीला लावायची. माझं नाक ती हातानं पुसायची आणि हात खिडकीबाहेर झटकायची. माझ्या उलटीनं भरलेला शर्ट तिनं बोरविहीरच्या नळावर, लोकांच्या रांगेत घुसून, हातांनी चोळून धुतलेला मला आठवतो. मी अर्धा खाऊन टाकलेला पेरू ती उरलेला खाऊन टाकायची, "वाया कसाले घालस?" म्हणत. मी तिच्याकडे बघून तोंड वाकडं करायचो आणि ती आणखी मोठा घास घ्यायची. माझ्या या किळस येण्याच्या स्वभावावर घरात सगळे वैतागलेले असायचे, तिला मात्र त्याची गंमत वाटायची.

अक्का चोपड्याला दिली. केळी आणि कापूस असलेलं मोठं घर. दाजी स्वभावानं गरीब, शेताकडे बघणारे. आता तर मुलानं गावात नवं घर बांधलंय, टाइल्सचं, पायऱ्यांना स्टीलचा कठडा असलेलं. पण मागचं अंगण, गोठा, विहीर जुनीच ठेवली आहे. धुळ्याहून अमळनेरमार्गे एसटीनं जायचं, तापीचा पूल ओलांडायचा. मग दोन्ही बाजूंना केळी, घडांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घातलेली. सातपुडा मागे धुरकट दिसायला लागला की अक्काचं घर आलं.

त्या वर्षी, म्हणजे तसं फार मागचं वर्ष नाही, नवरात्र सरता सरता अक्काचा फोन आला. "भाऊ, तू ये. माळावरना बठ्ठा डबा खाले उतारेल शेतस. भंगारवालाले देवाना पहिले तू दखी ले. नि ऐक, यंदा माले एक इंजिन करी दे. नवं घर शे, हॉलमा ठेवसू." आयुष्यात तिनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

अक्काच्या मागच्या अंगणात डब्यांचा बाजार भरला होता. ज्वारीच्या बिबड्यांचे, कुरडयांचे, तेलाचे, मिरचीच्या बुकटीचे, म्हणजे पुडीचे. उन्हात त्यांना वास सुटला होता. मिरचीचा तिखट खाट नाकात जाऊन मी शिंकत होतो आणि अक्का पायरीवर बसून हसत होती. तिच्या सुनेनं, नयनानं, मला डबे दाखवले. नयना जळगावची, शिकलेली, बोलायला स्वच्छ. केबिनीला तेलाचा डबा मिळाला, चाकांना झाकणं मिळाली. बॉयलरला मात्र एकही डबा धड नव्हता. सगळे गंजलेले, नाहीतर पोचे आलेले.

आणि मग मला तो दिसला. मागच्या दाराबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, पालथा घातलेला. दूध पावडरचा जुना डबा. त्यावरचं छापलेलं चित्र कधीच घासून गेलं होतं, आतबाहेर नुसता पांढरा पत्रा राहिला होता. कुठे गंज नाही, कुठे चिकटपणा नाही. मी तो नाकाशी नेला, कारण मी प्रत्येक डबा नाकाशी नेतो. त्याला कसलाही वास नव्हता. त्या अख्ख्या घरातला तो एकच डबा मला धुवावा लागणार नव्हता.

"नयना, हा घेऊ का?"

ती क्षणभर थांबली. "घ्या की मामा. बाहेरच पडलेला असतो तो."

तिच्या त्या थांबण्याकडे मी लक्ष दिलं नाही. मी डबा पिशवीत टाकला.

धुळ्याला आल्यावर त्या इंजिनाला मी जितका जीव लावला, तितका आधी कशालाच लावला नव्हता. बाकी सगळ्याला काळा रंग दिला, चाकांना लाल पट्टी दिली. पण बॉयलरला रंग द्यायला हात धजेना. अनेक वर्षं रोज घासून त्या पत्र्यावर जी चकाकी आली होती, ती माझ्या कुठल्याही पॉलिशनं आली नसती. मी तो तसाच ठेवला, बिनरंगाचा. हिनंसुद्धा, जी माझ्या इंजिनांना "धूळ खाणारी भुतावळ" म्हणते, ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "हे मात्र छान झालंय." तिच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नाही.

लक्ष्मीपूजनाला मी चोपड्याला पोचलो. इंजिन हॉलमध्ये ठेवलं आणि घर गोळा झालं. दाजींनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. "भाऊसाहेब, हे चांदीचं शे का काय?" अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. ती बॉयलरवरून बोटं फिरवत होती. मग तिच्याच मनात आलं. गाडी आहे, नवी आहे, घरात पहिल्यांदा आलीये, तर पूजेत ठेवू. ट्रॅक्टर आणला तेव्हा नाही का त्याची पूजा केली? पाटावर लक्ष्मीच्या फोटोशेजारी इंजिन ठेवलं गेलं. बॉयलरवर हळदीकुंकवाची बोटं उठली, घुमटावर झेंडूचं फूल आलं. मी नास्तिक वगैरे नाही, पण देवाच्या पाटावर आपली वस्तू बघून मला अवघडल्यासारखंही झालं आणि आवडलंही.

पूजा आटोपली, आणि मागच्या दारानं गिरजाबाई आली.

गिरजाबाई अक्काकडे कितीतरी वर्षांपासून आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीवरून पहाटे येते, गोठा काढते, अंगण झाडते, मागची मोठी भांडी घासते. वयानं ती अक्काहून मोठी आहे. घरातली सगळी, नयनासुद्धा, तिला "गिरजा" म्हणतात. ती फराळ घ्यायला आली होती आणि दिवे बघायला मधल्या दाराशी उभी राहिली होती. उंबऱ्याच्या पलीकडे. तिथून हॉल दिसतो.

ती बराच वेळ पाटाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम खुलला.

"ओ भाऊ! हाऊ तं मन्हा डबा शे!"

तिला वाटलं आम्हाला कळलं नाही. तिनं उंबऱ्याबाहेरूनच मधल्या गोल बॉयलरकडे बोट लांब केलं. "तो दखा, मझारना! मी धुंडी धुंडी थकनू, म्हनं कोठे गया. रोज राखोडी लाईसन घसस ना मी, मी वळखाव नही का? काय इंजिन व्हयनं वं माय त्यानं! लक्ष्मीजोडे बसना मन्हा डबा!"

ती खरोखर खूश झाली होती. इतकी वर्षं मी इंजिनं करतोय, पण माझं काम बघून इतकं मनापासून कुणी हसलेलं मला आठवत नाही. आणि तिच्या बाजूला, उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्या माणसांचे चेहरे होते. दाजी खाली बघत होते. भाचा मोबाइलमध्ये शिरला. नयना माझ्याकडे बघत होती. अक्काच्या नाकपुड्या किंचित आत ओढल्या गेल्या आणि ओठ घट्ट मिटले. ते मला लगेच ओळखू आलं, कारण तसं तोंड मी आयुष्यभर आरशात बघितलंय. सायीचा पापुद्रा दिसला की माझं तसं होतं.

तेव्हा मला उमजलं की तो डबा कसला होता. गिरजाबाईच्या चहाचा होता. त्या घरात स्टीलचे कप आहेत, काचेचे आहेत, पाहुण्यांसाठी सोनेरी काठाचे आहेत, आणि गिरजाबाईसाठी कोनाड्यातला डबा होता. ती तो स्वतः घासायची, स्वतः पालथा घालायची, आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. त्या पत्र्यावरची ती चकाकी, जिच्यावरून अक्का बोटं फिरवत होती, ती या बाईनं घासून आणलेली होती, आपलं तोंड लागलेली जागा घराला दिसू नये म्हणून.

गिरजाबाई फराळाचं पुडकं घेऊन गेली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळे थांबले. मग अक्कानं वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि त्या कागदानं धरून इंजिन पाटावरून उचललं. नुसत्या हातानं नाही, कागदानं. झेंडूचं फूलही कागदावरच गळून पडलं. देवघरातली गोमूत्राची बाटली आली. ज्या पाटावर घरातला सगळ्यात स्वच्छ पत्रा ठेवला होता, तो पाट गोमूत्रानं शुद्ध झाला. मी नाक दाबून अंगणात जाऊन उभा राहिलो.

अक्का मागून आली. कागदात इंजिन होतं.

"भाऊ, इतलं कर. तेवढा बॉयलर बदली दे. बाकी इंजिन ऱ्हाऊ दे."

"कसाले?"

"तुले माहीत शे कसाले."

"अक्का, बठ्ठा घरमा तोच डबा साफ व्हता. तुन्हा तूपना डबामा मुंग्या व्हत्यात. तेलना डबामा झुरळे व्हतात. त्या चालनात देवजोडे?"

"तू माले शिकाडू नको." तिचा आवाज चढला. "तिले मी काय कमी करेल शे? तिनी पोरना लगीनले भांडा दिनात. दर दिवाळीले लुगडं देस. आजारी पडनी तं दवाखानामा मी लई गऊ. मी काही जुना लोकेसना मायेक वागत नही. पन देवजोडे... नही चालत भाऊ. माले कसं तरी व्हस."

कसं तरी होतं. हे शब्द माझे आहेत. मी हे शब्द इतक्या वेळा उच्चारले आहेत, की आमची ही त्यांची नक्कल करते. पण माझी किळस कशाची असते? कुजलेल्याची, चिकटाची, वळवळणाऱ्याची. पाण्यानं आणि साबणानं ती जाते. अक्काची किळस घासून जाणारी नव्हती. वर्षानुवर्षं रोज राखेनं घासूनही ती त्या पत्र्यावरून गेली नव्हती, आणि घासणारीनं कितीही घासलं तरी जाणार नव्हती, कारण ती डब्यावर नव्हतीच. आणि हे मला कोण सांगत होतं? जिनं माझी उलटी हातांनी धुतली ती. माझा उष्टा पेरू खाणारी ती. त्या क्षणी मला माझ्या बहिणीची किळस आली. याला दुसरा शब्द नाही.

"बॉयलर बदलणार नाही," मी म्हणालो. रागात मी पुस्तकी मराठी बोलतो. "ठेवायचं तर असंच ठेव. नाहीतर मी घेऊन जातो."

"मंग लई जा," अक्का म्हणाली, आणि आत गेली.

ते इंजिन आता माझ्याकडे आहे, धुळ्याच्या घरात, दाराच्या समोरच. हळदीकुंकवाचं एक पिवळट बोट त्यावर राहिलंय. येणारे-जाणारे विचारतात, हे एकच बिनरंगाचं का? काही जणांना मी खरं सांगतो. मग ते "अरेरे, अजूनही असं असतं का" म्हणतात, आणि आमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी मावशी कुठल्या कपात चहा पिते, हे हळूच बघून घेतात. त्यांच्या घरी कुठल्या कपात पिते, हे मी विचारत नाही. त्याचं उत्तर मला ऐकायचं नसतं. काहींना आपलं खोटंच सांगतो, रंग संपला होता म्हणून. अक्काचा फोन येतो, तब्येतीचं बोलतो, केळीच्या भावाचं बोलतो. दिवाळीआधी मात्र ती आता मला डबे बघायला बोलावत नाही. सगळे भंगारवाल्याला जातात.

यंदाही परवा गल्लीत माळे उपसले गेले. समोरच्या वहिनींनी मला हाक मारली, "काका, या, गोल डबा निघालाय." मी नाक दाबून गेलो. डबा चांगला होता, काठ शाबूत, आत मात्र जुन्या गुळाचा काळा थर. मी तो हातात घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढे चोपड्याच्या त्या घरातली पाडव्याची सकाळ आली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची.

भाऊबीजेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण मी सकाळच्याच गाडीनं निघणार होतो. बॅग भरून मागच्या अंगणात आलो. गिरजाबाई गोठा काढत होती. शेणाची पाटी तिनं उकिरड्यावर रिकामी केली आणि हात धुवायला हौदाशी आली. मी तिला काय म्हणणार होतो, मला माहीत नव्हतं. तीच बोलली.

"चालनात का भाऊ? इंजिन लई चालनात? आठे ठेवतस म्हने ना?"

"नाही, घेऊन जातोय." मग मी विचारलं, "गिरजाबाई, डबा मी नेला तेव्हापासून तुम्ही चहा कशात घेता?"

ती हसली, जशी माणसं अडाणी प्रश्नाला हसतात. "डबा गया, मंग चहा कसामा देतीन? तवयपाईन बंदच शे."

दसऱ्यापासून. कपांनी भरलेल्या त्या घरात, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, एका म्हातारीला चहा मिळाला नव्हता, कारण तिचा डबा सापडत नव्हता. आणि कुणाला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. नसेल डबा, तर नसेल चहा. मी तरातरा आत जायला निघालो. सोनेरी काठाचा कप आणणार होतो, मी स्वतः. तिनं ओला हात आडवा धरला.

"कप नका आनू भाऊ. तुम्ही धुळ्याले चालना जाशात. माले आठे रोज येवानं शे."

मी तिथेच थांबलो. तेवढ्यात नयना मागच्या दारात आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात डबा. बिस्किटांचा नवा कोरा डबा, त्यावर गुबगुबीत मांजरीचं चित्र. आतली बिस्किटं नुकतीच स्टीलच्या डब्यात ओतलेली होती, झाकणाच्या काठाला चुरा तसाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. डबा पायरीवर ठेवला, आणि उभ्यानंच, किटलीची चोच डब्याला लागणार नाही इतक्या उंचावरून, चहाची धार सोडली. चहा उडून पायरीवर सांडला.

"गिरजा, घे. सासूबाईंनी दिलाय. नवा आहे अगदी. आता हाच तुझा."

गिरजाबाईनं पदराला हात पुसले. डबा उचलला. दोन्ही तळव्यांत धरून ती त्याच्याकडे, त्या मांजरीकडे, आतल्या चहाकडे बघत राहिली. पाडव्याची सकाळ होती, थोडा गारवा होता, आणि चहाला वाफ येत होती. ती पिणार असं मला वाटलं. तिनं डबा तोंडापाशी नेलाही. मग तिच्या नाकपुड्या आत ओढल्या गेल्या, ओठ मिटले, आणि तिनं डबा तोंडापासून दूर केला.

ती सावकाश हौदाच्या पलीकडे गेली आणि सगळा चहा मोरीत ओतून दिला. डबा विसळला. राख लावून घासलाही, सवयीनं. मग तो कोनाड्यात न ठेवता पायरीवर, नयनाच्या पायाशी, आणून ठेवला.

"नही पेवास वहिनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माले किळस ऊनी."

आणि झाडू घेऊन ती परत गोठ्याकडे गेली.

अक्का दाराआड उभी होती. ती बाहेर आली, रिकाम्या डब्याकडे बघितलं, मोरीतून वाहत जाणाऱ्या चहाकडे बघितलं. आदल्या रात्रीपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"काय म्हननी ती?"

"किळस ऊनी म्हने."

"किळस?" अक्का म्हणाली. "तिले?" ती खरंच गोंधळली होती. लहानपणी गाडीत माझ्याकडे बघायची तसं तिनं माझ्याकडे बघितलं, मला विचारलं की कळेल अशा खात्रीनं. "कसानी?"